टोइंगसाठी डिझेल: २ लिटर ४०० टॉर्क की ३ लिटर ३६० टॉर्क?

चाकजोडी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेले पंधरा दिवस एकच प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा काढतोय.

मला बंद खोक्याचा एक उंच ट्रेलर ओढायचा आहे, भरल्यावर साधारण १८०० किलो. गाडी माणसांसकट २२०० किलो धरा. म्हणजे सगळं मिळून ४ टन. रस्ता निम्मा सपाट, त्यानंतर आठ किलोमीटरचा सलग चढ, सरासरी ६ टक्के. त्यात दोन वळणं अशी आहेत की समोरून मोठं वाहन आलं तर जागेवर थांबून पुन्हा गाडी उचलावी लागते. तिथला चढ १२ टक्क्यांच्या आसपास आहे.

हाताशी दोन गाड्या आहेत. माझी नवी: २ लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल, व्हेरिएबल टर्बो, १७५० ते २५०० आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) ४०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर. मेव्हण्यांची जुनी: ३ लिटर, तीही चार सिलिंडर, साधा टर्बो, ३६० न्यूटन मीटर. गिअरबॉक्स दोन्हींचा मॅन्युअल. दोन्ही गाड्यांना कंपनीने दिलेली ओढण्याची मर्यादा या वजनाला पुरते, ते आधीच बघून घेतलंय.

कागदावर माझी गाडी सरस. तरीही ज्याला विचारावं तो म्हणतो, "ओढायला मोठं इंजिनच बरं." का? टॉर्क जास्त असूनही छोटं इंजिन कमी का पडावं? आणि डिझेल कुठल्या गाडीत कमी जळेल?

जुना फोरमन | सोमवार, रात्री १०:१५

छत्तीस वर्षं डिझेल इंजिनं उघडून बसवली, त्यावरून सांगतो. ते ४०० टर्बोने पूर्ण हवा दिल्यानंतरचे आहेत. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर. गाडी उभी, क्लच अर्धा, इंजिन हजार-बाराशे आरपीएमला, अशा वेळी वायू किती आणि टर्बो फिरणार किती? तेवढा वेळ तुमचं इंजिन नुसतं २ लिटरचं असतं. मेव्हण्यांचं तेव्हाही ३ लिटरचं असतं.

तुमच्या त्या दोन वळणांवर खरी परीक्षा होईल. चढावर धावत्या गाडीला फारशी अडचण येणार नाही.

सहावा गिअर | सोमवार, रात्री १०:५०

मला वाटतं यात स्ट्रोकची, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेची, लांबी महत्त्वाची. पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकचा हात जितका लांब तितका टॉर्क जास्त, लांब पान्याने नट सहज सुटतो तसं. मोठ्या डिझेलचा स्ट्रोक लांब असतो म्हणून ती ओढतात. दोन्ही इंजिनांचे बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक टाका म्हणजे लगेच उत्तर मिळेल.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ७:२०

सहावा गिअर, हा समज फार पसरलेला आहे आणि अर्धाच खरा आहे. तो सोडवल्याशिवाय पुढचं काही नीट लागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हात लांब झाला की टॉर्क वाढतो, बरोबर. पण सिलिंडरची क्षमता तेवढीच ठेवून स्ट्रोक वाढवला तर बोअर लहान करावा लागतो. पिस्टनचं क्षेत्रफळ घटतं, म्हणून त्याच दाबाला पिस्टनवरचा जोर घटतो. हाताने जेवढं कमावलं तेवढं क्षेत्रफळाने गमावलं. उरतं ते एवढंच: इंजिनची क्षमता किती आणि दर चक्रात सरासरी दाब किती. चार स्ट्रोकच्या इंजिनात टॉर्क म्हणजे सरासरी दाब गुणिले क्षमता, भागिले ४ पाय (π). या हिशोबात स्ट्रोक कुठेच येत नाही.

आता चाकजोडींच्या गाड्या घ्या. २ लिटरमधून ४०० न्यूटन मीटर म्हणजे सरासरी दाब सुमारे २५ बार (१ बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब). ३ लिटरमधून ३६० म्हणजे सुमारे १५ बार. टर्बो नसलेलं चांगलं पेट्रोल इंजिन १२ ते १३ बारच्या आसपास घुटमळतं. नव्या इंजिनाने १० बार जास्त आणले ते टर्बोने दाबून भरलेल्या आणि इंटरकूलरने थंड केलेल्या हवेतून. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून दाब जास्त.

फोरमन काका म्हणतात ती वेळ, म्हणजे टर्बो अजून जागा झालेला नाही, त्याचा हिशोब करू. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, नसताना डिझेलला धूर न काढता ८ बारच्या आसपास मिळतात असं धरा. २ लिटरला १२७ न्यूटन मीटर, ३ लिटरला १९१.

१२ टक्के चढावर ४ टन नुसते धरून ठेवायला आणि टायरचा रोध मोडायला साधारण ५१५० न्यूटन लागतात. चाकाची त्रिज्या ०.३६ मीटर, पहिला गिअर आणि डिफरन्शिअल मिळून १७ पट, वाटेतला तोटा १० टक्के धरला तर इंजिनकडून सुमारे १२० न्यूटन मीटर हवेत. हे फक्त मागे न सरकण्यासाठी. १२७ मधून पुढे जायला ७ उरले. ३ लिटरकडे ७० उरतात.

कागदावर ४०० विरुद्ध ३६० दिसतं, पण त्या वळणावर सामना १२७ विरुद्ध १९१ असा आहे.

चाकजोडी | मंगळवार, सकाळी ८:०५

मोजपट्टी, मनापासून आभार. ७ आणि ७० हा फरक वाचून अंगावर काटा आला. मग माझ्या गाडीने त्या वळणावर उचलायचंच नाही का?

जुना फोरमन | मंगळवार, सकाळी ९:३०

उचलेल. व्हेरिएबल टर्बोच्या टर्बाइनभोवती हलत्या पाकळ्या असतात. वायू कमी असला की त्या मिटत येतात, वाट अरुंद होते आणि थोडक्या वायूचाही झोत जोरात बसतो. साध्या टर्बोपेक्षा तो लवकर जागा होतो. पण तो जागा व्हायला इंजिनवर भार आणि फेरे दोन्ही लागतात. म्हणजे १८०० आरपीएमपर्यंत नेऊन क्लच घासत सोडावा लागणार. एकदा ठीक आहे. दोनदा केलं की वास येतो. लागोपाठ चार-पाच वेळा केलं तर क्लच प्लेटचं आयुष्य त्या एका दिवसात निम्मं होतं. बदलून टाकलेल्या अशा प्लेटा मी पुष्कळ बघितल्या आहेत, निळ्या पडलेल्या प्रेशर प्लेटसकट.

फोर बाय फोर लो (चारही चाकांना जोर देणारा, जास्त पटीचा हळू गिअर) असेल तर कोरड्या डांबरावर सरळ रेषेत, फक्त उचलण्यापुरतं वापरा, वळायच्या आत काढा. काही गाड्यांत लो ठेवूनही पुढची चाकं मोकळी ठेवता येतात, तसं असेल तर चिंताच नाही.

रानवाट | मंगळवार, सकाळी १०:१०

यासाठीच मी ओढायला ऑटोमॅटिक घेतली, तीही टॉर्क कन्व्हर्टरची. गाडी उभी असताना कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क साधारण दुप्पट करून देतो आणि तेवढ्यात इंजिन बूस्टच्या आरपीएमला पोचलेलं असतं. म्हणजे छोट्या टर्बो डिझेलचा जो कच्चा भाग, नेमका तोच तो झाकतो. फक्त गिअर ऑइल तापतं, त्याचा वेगळा कूलर असायला हवा.

चढावर मात्र मी जमेल तितका वरचाच गिअर ठेवतो. टॉर्क १७५० ला पूर्ण मिळतो, मग २६०० ला कशाला नेऊन डिझेल जाळायचं?

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी १:४०

रानवाट, कन्व्हर्टरबद्दल पूर्ण सहमत. दुसऱ्या मुद्द्याला माझा विरोध आहे, आणि तो नीट मांडतो, कारण इथेच इंजिनं खराब होतात.

६ टक्के चढावर ४ टन ताशी ८० ने न्यायचे तर चढासाठी सुमारे २३५० न्यूटन, टायरसाठी ४७०, आणि उंच खोक्यामुळे हवेसाठी ६५० च्या आसपास. बेरीज जवळजवळ ३५००. त्याला वेगाने गुणलं की चाकावर ७७ किलोवॅट, म्हणजे इंजिनवर ८६. गिअर कुठलाही टाका, हे ८६ काही बदलत नाहीत. गिअर एवढंच ठरवतो की ते कमी टॉर्क आणि जास्त फेऱ्यांनी द्यायचे की उलट.

२००० आरपीएमला ८६ किलोवॅट म्हणजे ४१० न्यूटन मीटर. ते दोन्ही गाड्यांकडे नाहीत, वेग पडतच जाणार. २६०० ला तेच काम ३१६ मध्ये होतं.

कमी फेऱ्यांवर पूर्ण दाबलेल्या पेडलचा अर्थ असा: दर स्फोटाला सिलिंडरमध्ये कमाल दाब, बेअरिंगमधल्या ऑइलच्या थरावर कमाल भार, पाण्याचा पंप मात्र हळू फिरतोय आणि पिस्टनच्या बुडावर ऑइल फवारणाऱ्या नोझलांनाही दाब कमी. उष्णता सगळ्यात जास्त आणि ती वाहून नेणारी माणसं सगळ्यात कमी, अशी अवस्था. टर्बाइनच्या तोंडाशी वायूचं तापमान ७०० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ राहू लागलं की मी काळजी करायला लागतो. गिअर उतरवला की तेच तापमान बघता बघता खाली येतं, कारण त्याच कामाला हवा जास्त मिळते. डिझेलमध्ये हवा जास्त म्हणजे ज्वलन थंड. पेट्रोलवाल्यांना हे उलटं वाटतं.

जुना फोरमन | मंगळवार, दुपारी २:२०

+१. माझ्याकडे आलेली वितळलेल्या पिस्टनची इंजिनं बहुतेक जास्त पळवलेली नव्हती. दाबून, रेटून, वरच्या गिअरमध्ये चढवलेली होती. आणि त्यातली बरीच बाहेरून चिप बसवून टॉर्क वाढवलेली. चिप इंधन वाढवते. रेडिएटर, इंटरकूलर, क्लच तेच राहतात. ओढणाऱ्या माणसाने चिपच्या नादी लागू नये.

सहावा गिअर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मोजपट्टी, स्ट्रोकचं पटलं. पण मग ओढणारी सगळी इंजिनं लांब स्ट्रोकचीच का दिसतात? कमिन्सचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटर इंजिन घ्या, बोअर १०२ मिमी आणि स्ट्रोक १२०. १९८९ च्या डॉज पिकअपमध्ये ते आलं तेव्हा फक्त १६० अश्वशक्तीचं होतं, पण टॉर्क सुमारे ५४० न्यूटन मीटर. काहीतरी कारण असेलच ना?

दातेरी चक्र | मंगळवार, रात्री ८:४५

हा माझा आवडता विषय, म्हणून मध्ये पडतो.

कारण आहे, पण ते पान्याचं नाही, उष्णतेचं. पिस्टन वर टोकाला असताना उरलेली जागा बुटकी आणि पसरट असेल तर तेवढ्याच वायूला धातूचा पृष्ठभाग जास्त लागतो. उष्णता भिंतींतून पळते आणि काम कमी होतं. बोअर लहान, स्ट्रोक लांब ठेवला की ती जागा जास्त आटोपशीर होते. डिझेलमध्ये हवा आधी १५ ते १८ पट दाबायची असते, म्हणून वर उरणारी जागा आधीच इवलीशी. तिथे हा फरक जास्त जाणवतो.

त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. स्ट्रोक लांब म्हणजे पिस्टनला दर फेरीत जास्त धाव. १२० मिमीच्या स्ट्रोकला २००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ८ मीटर होतो. ते आरामात सोसतं. ५००० वर नेलं तर २० होईल, आणि एवढ्या जड पिस्टनला ते झेपणार नाही. तसंही डिझेलला फवारा उडून, हवेत मिसळून पेट घ्यायला वेळ लागतो, ती फार वेगात फिरूच शकत नाही. मग फेरे कमीच आहेत तर स्ट्रोक लांब का ठेवू नये, असा तो विचार.

रुडॉल्फ डिझेल यांच्या ज्या इंजिनाची १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाचणी झाली, त्याचा बोअर २५० आणि स्ट्रोक ४०० मिमी होता. मिनिटाला जेमतेम १५४ फेरे, पण कार्यक्षमता २६ टक्के, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढे. याच वाटेचं टोक म्हणजे मालवाहू जहाजावरचं वार्टसिला-सुल्झर आरटी-फ्लेक्स ९६सी. बोअर ९६० मिमी, स्ट्रोक २५०० मिमी, मिनिटाला १०२ फेरे. १४ सिलिंडरच्या रूपात ते ८० हजार किलोवॅट देतं आणि इंधनातल्या उष्णतेपैकी निम्म्याचं काम करून दाखवतं. धातूच्या एवढ्या ढिगाऱ्याला ते जमतं याचं मला अजूनही नवल वाटतं.

आणि कमिन्सबद्दल: ते ५४० न्यूटन मीटर म्हणजे ११-१२ बारच. जोर दाबातून नाही, ५.९ लिटरमधून आला होता. शिवाय सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरना सात मेन बेअरिंग आणि जवळजवळ परिपूर्ण संतुलन, म्हणून ती तासन्‌तास ओढत राहतात.

चाकजोडी | मंगळवार, रात्री ९:३०

हे सगळं वाचून माझा ओढा ३ लिटरकडे झुकलाय. पण डिझेलचा प्रश्न राहिलाच. मोठं इंजिन म्हणजे ॲव्हरेज गेलंच ना?

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ७:००

रिकाम्या गाडीत हो. ओढताना तेवढं नाही.

प्रत्येक इंजिन स्वतःला फिरवायलाच काही शक्ती खातं: पिस्टन रिंगांचं घर्षण, बेअरिंग, पंप. हा भाग क्षमतेबरोबर वाढतो, ट्रेलर लावल्याने नाही. समजा १९०० आरपीएमला २ लिटरचं इंजिन ५ किलोवॅट स्वतः खातं आणि ३ लिटरचं साडेसात. रिकाम्या गाडीला १५ किलोवॅट लागत असताना हे अडीच जास्तीचे डोळ्यांत भरतात. ट्रेलर लावून २८ लागत असताना तेच अडीच मागे पडतात.

म्हणूनच भार वाढला की इंजिन प्रत्येक किलोवॅट-तासाला कमी इंधन खातं. हलक्या भारावर २८० ग्रॅम खाणारं डिझेल पाऊण भारावर २१० च्या आसपास येतं. एकूण डिझेल अर्थातच जास्त जळतं, पण जितक्याने काम वाढलं तितक्या प्रमाणात वाढत नाही.

खरा शत्रू हवा आहे. सपाटीवर तुमचं खोकं ताशी ८० ने न्यायला चाकावर २५ किलोवॅट लागतात, १०० ला ४१. माझ्या हिशोबाने ८० ला लिटरमागे साडेदहा किलोमीटर मिळावेत, १०० ला सव्वाआठ. दोन इंजिनांतला फरक या फरकापेक्षा लहान निघेल.

पेरणी | बुधवार, सकाळी ११:१५

नवीन सदस्य आहे, विचारू का? आता टर्बो पेट्रोललाही १६०० आरपीएमपासून ३५०-४०० टॉर्क मिळतो. मग ओढायला डिझेलच का?

दातेरी चक्र | बुधवार, दुपारी १२:३०

जरूर विचारा. थोड्या वेळासाठी टर्बो पेट्रोलही तितकंच ओढेल. फरक पडतो लांब चढावर. पेट्रोलमध्ये हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणात लागतं, साधारण १४.७ ला १. भार वाढला, उष्णता वाढली की खडखड (इंधन अवेळी पेटणं) होऊ नये म्हणून ठिणगी उशिरा पाडावी लागते. मग वायू आणखी तापतो, आणि टर्बो व धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिस्ट वाचवायला अनेक इंजिनं जास्तीचं पेट्रोल सोडून सिलिंडर थंड करतात. ते पेट्रोल ओढायला उपयोगी पडत नाही, फक्त थंडावा देऊन जातं. म्हणून ट्रेलर लावल्यावर त्यांचं ॲव्हरेज एकदम कोसळतं.

डिझेल पूर्ण भारावरही जास्त हवेत कमी इंधन असं जळतं. हवेची वाट अडवून वेग सांभाळायची त्याला गरज नसते, म्हणून हलक्या भारावरही हवा ओढून घेण्यात शक्ती वाया जात नाही. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १२ टक्के ऊर्जा जास्त असते, घनता जास्त म्हणून. तेवढा भाग इंजिनच्या हुशारीत धरू नये.

रानवाट | बुधवार, दुपारी ३:००

चढाचं इतकं बोललो, उताराचं कोणीच नाही. मला एकदा उताराने घाबरवलंय. ब्रेक तापून पेडल खाली गेलं होतं, मागे दीड टन. गाडी थांबली, पण कशीबशी.

जुना फोरमन | बुधवार, दुपारी ४:१०

बरं झालं काढलंत. पुष्कळांना वाटतं उतारावर डिझेल इंजिन गाडीला आपोआप चांगलं आवरतं. तसं नाही. पेट्रोलमध्ये पेडल सोडलं की हवेची झडप मिटते आणि इंजिन निर्वाताशी झगडतं. डिझेलला तशी अडवणारी झडप नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. उरतं नुसतं घर्षण.

त्यावर उपाय म्हणून एक्झॉस्ट ब्रेक आला, सायलेन्सरची वाट अडवणारा. दुसरा क्लेसी कमिन्स यांच्या कल्पनेतला, जो जेकब्स कंपनीने १९६१ पासून बनवला: हवा दाबून झाली की झडप उघडून ती सोडून द्यायची, म्हणजे ती पिस्टनला परत ढकलूच शकत नाही. ट्रकचा तो फटफट आवाज त्याचाच. काही व्हेरिएबल टर्बो पाकळ्या मिटून हेच काम थोडंफार करतात.

तुमच्या उतारावर ताशी ६० ने उतरताना जवळपास २५ किलोवॅट सतत जिरवायचे आहेत. २ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला त्यातले निम्मे घेईल, ३ लिटरचं पाऊणेक. उरलेले ब्रेकवर. म्हणून ताशी ४० ला उतरा, चढताना जो गिअर होता त्याच्याही खालचा टाकून, आणि ट्रेलरचे ब्रेक आधी तपासा.

चाकजोडी | पुढचा रविवार, रात्री ९:१५

दोन्ही गाड्या, तोच ट्रेलर, तोच रस्ता, सपाटीवर ८० च्या वर न जाता. टाकी दर वेळी काठोकाठ भरून मोजलं.

लिटरमागे किलोमीटर, रिकामी: माझी १५.६, मेव्हण्यांची १३.२. ट्रेलर लावून सपाटीवर: माझी ९.९, त्यांची ९.०. मोजपट्टी म्हणाले तसंच झालं, अंतर कमी झालं.

चढावर धावताना माझी गाडी सरस ठरली, हे मुद्दाम सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये २६०० वर तिने ८० सोडले नाहीत. मेव्हण्यांच्या गाडीचा वेग शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ६५ पर्यंत पडला.

पण दुसऱ्या वळणावर दोन्ही वेळा समोरून ट्रक आला. ३ लिटर क्लच सोडल्याबरोबर सरकली, जणू मागे काही नाहीच. माझी दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा २००० आरपीएमवर घासत उचलली, आणि क्लचचा वास वर पोचेपर्यंत गाडीत होता. हातब्रेक धरून बसलेल्या बायकोचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

ट्रेलर मेव्हण्यांच्या गाडीला जोडून ठेवलाय. त्यांना माझी दिलीय, रोजच्या कामाला.

जुना फोरमन | रविवार, रात्री ९:५०

योग्य केलंत. तुमच्या गाडीचा क्लच एकदा दाखवून घ्या. चौथ्या गिअरमध्ये ४० ला पेडल पूर्ण दाबा. आरपीएम वर गेले आणि गाडी तितकी वाढली नाही, तर प्लेट घसरतेय. आणि ३ लिटरने चढ संपवल्यावर लगेच चावी काढू नका, दोन मिनिटं तशीच चालू ठेवा, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल करपत नाही.

चाकजोडी | रविवार, रात्री १०:०५

उद्या सकाळीच करून बघतो, काका. काय निघतं ते इथेच लिहीन.